देश लहान करताना

"ऐन थंडीत तिथं मस्त ऊन असतं," म्हणत योगीराजनं श्रीलंकेचा बेत सांगितला तेव्हा चतुराबाई भांडी घासता घासता हसली. "ऊन बगायला एवढ्या लांब जायलाव? मे महिन्यात आमच्या वावरात या की. ऊन फुकट हाय, वर भाकरी बी देते."

"तिथं डोंगर हायेत, हत्ती हायेत, समुद्र हाय," योगीराज तिच्याच बोलीत म्हणाला.

"मंग हत्तीसाठी जायलो म्हणा. उनाचं नाव कशाला घ्यायलाव?"

जिंतूरच्या त्या घरात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. योगीराज आणि निवेदिताचं लग्न लॉकडाउनमधलं, मोजक्या पन्नास माणसांतलं. लग्नानंतरचं फिरणं म्हणजे येलदरीच्या धरणावरची एक दुपार आणि दोघांत एक भाजलेलं कणीस. मग मधुवंती झाली. आता ती सोळा महिन्यांची होती. "एकदा तरी समुद्रापलीकडं जाऊ," असं निवेदिताच कधीतरी बोलून गेली होती, आणि तहसील कचेरीत कारकून असलेल्या योगीराजनं ते मनावर घेऊन जानेवारीतली आठ दिवसांची रजा मंजूर करून आणली होती. येत्या रविवारी तिकिटं काढायची.

बेताची खरी मालकी मात्र सासूबाईंकडं होती. प्रमोदिनीबाईंनी वालूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला. श्रीलंका त्यांनी दर वर्षी फळ्यावर काढली होती, आंब्याच्या कोयीसारखी. "जानेवारीत नैर्ऋत्येचा किनारा कोरडा असतो, समुद्र तिकडंच बघा," असं सांगत त्यांनी बाराशे पायऱ्यांचा तो उंच खडक, बुद्धाच्या लेण्या, चहाचे मळे आणि पहाटेचं जंगल असं सगळं एका कागदावर आठ दिवसांत कोंबून बसवलं होतं. त्यांच्याकडं आणखी एक कागद होता. तो मधूच्या आठ दिवसांचा. सकाळी कोवळं ऊन, मग मऊ खिचडी, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत पायी. "ती माझ्यापाशी राहील," हे त्यांनी अशा सुरात सांगितलं होतं की पुढं बोलायला जागाच उरली नाही.

अडचण एकच होती. मधू अजून अंगावर प्यायची.

आणि निवेदिताला जायचं होतं, अगदी मनापासून. मधूला पाजता पाजता ती मोबाइलवर चहाच्या मळ्यांतून वळणं घेत जाणारी निळी रेल्वे बघायची. खिडकीशी स्वतःला बसवून बघायची. मांडीवर कुणी नाही, दोन्ही हात मोकळे. मग तिला त्या मोकळ्या हातांची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच रागही यायचा.

"कोरफड लावा, ताई," चतुराबाईनं उपाय सांगितला आणि दुसऱ्या दिवशी घरून एक जाड पान तोडून आणलं. "दोन रोज रडंल, तिसऱ्या रोजी इसरंल. माझे तिघं असेच सोडवले."

शुक्रवारी दुपारी निवेदितानं खोलीचं दार लोटलं, पान चिरलं आणि तो हिरवट, कडूजहर गर छातीला लावला. रडणं ऐकायची तिनं तयारी केली होती. गप्प करायला बिस्कीट होतं, खुळखुळा होता.

मधू नेहमीसारखी मांडीवर चढली. तोंड लावलं आणि लगेच मागं सरली. चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा झाला. तिनं आईच्या छातीकडं बघितलं, मग आईच्या तोंडाकडं. रडली नाही. फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि तो चिकट गर हळूहळू पुसायला लागली.

"बाऊ?" तिनं विचारलं.

मधूनं ओठांचा चंबू करून फुंकर घातली. फुंकर अजून तिला जमत नव्हती, नुसती थुंकीच उडाली. मग आईच्या खांद्यावर गाल टेकून तिनं पाठीवर थोपटायला सुरुवात केली. तिला झोपवताना निवेदिता थोपटायची, तसंच. दूध मात्र मागितलं नाही.

प्रमोदिनीबाई वाळलेले कपडे घेऊन आत आल्या, आणि दारातच थांबल्या.

"धुऊन ये ते," त्या म्हणाल्या. "आण तिला इकडं."

निवेदिता धुऊन आली, मधूला पदराखाली घेतलं, तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"योगी चौदा महिन्यांचा होता. मला बी.एड.ला परभणीत राहायचं होतं. माझ्या आईनं हेच लावायला दिलं होतं."

"लय रडले का हे?"

"दोन दिवस. महिन्यानं मी आले तर माझ्याकडं येईना. मग चार दिवसांत आला." त्यांनी एक झबलं उगाच दोनदा झटकलं. "तो चार दिवसांत आला गं. मलाच परत यायला लय दिवस लागले. पण बी.एड. झालं, म्हणून शाळा मिळाली. गेले त्याचं वाईट नाही वाटत. तुला जायचं असेल तर जा, मी आहे."

"मला जायचंय, आई." निवेदिताचा आवाज बारीक झाला. "आणि हिला न्यायचंय."

प्रमोदिनीबाईंनी मधूच्या आठ दिवसांचा कागद आपल्या उशाखालून काढला, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिला.

संध्याकाळी योगीराज कचेरीतून आला आणि सगळं ऐकून खुर्चीत बसला. "बाराशे पायऱ्या हिला कडेवर घेऊन? पहाटे चारला जंगल?"

"पेन्सिल दे," त्याची आई म्हणाली. तिनं खडक खोडला, लेण्या खोडल्या, जंगल खोडलं. "लेकरू संगं असलं की देश लहान करायचा असतो. एक डोंगरातलं गाव, एक समुद्राकाठचं. मधी रेल्वे. झालं."

"आणि माझा हत्ती?"

"वाटेत भेटला तर बघ. मोठा प्राणी आहे, चुकणार नाही."

निवेदिता हसली. मग म्हणाली, "आई, तुमी पण चला."

"मी फळ्यावर लय वेळा जाऊन आले." त्यांनी मधूचं नाक पुसलं. "तुमचं तिघांचं अजून कुठंच जाणं झालं नाही."

मधूचा पासपोर्ट येईस्तोवर जानेवारी निघून जाणार होता. रजा फेब्रुवारीत ढकलावी लागणार, साहेबांची बोलणी खावी लागणार. योगीराज कुरकुरला, पण मोबाइलवर मधूचा फॉर्म त्यानंच उघडला.

रविवारी सगळे फोटो स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, मागं पांढरं पाहिजे, लेकराचं तोंड मिटलेलं पाहिजे, आणि धरणाऱ्याचा हातसुद्धा दिसता कामा नये. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. प्रमोदिनीबाई चष्मा काढून स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोक्यावरून पांढरी चादर टाकली आणि मधूला त्या चादरीच्या मांडीवर बसवलं.

मधू आजीला शोधायला लागली. मागं वळून चादर ओढायची, हसायची, परत वळायची. फोटोवाल्यानं चुटक्या वाजवल्या, योगीराजनं मांजराचा आवाज काढला. तोंड काही मिटेना.

"आई, गुदमरायलंय का?" निवेदितानं विचारलं.

"माझं राहू दे," चादरीतून आवाज आला. "तू समोर उभी राहा. तिला तू दिसायला पाहिजेस."

निवेदिता कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. मधू गप्प झाली, तोंड मिटून तिच्याकडं बघत राहिली.