नव्या काट्याचा आणि माझा मालक

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. स्वभावाने जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोलादाच्या एका दांडीला वाकवून मला दोन पाय दिले गेले. मला आपटलं की मी एकच सूर देतो, आणि तो कधी चुकत नाही.

माझे मालक पियानो जुळवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. उजव्या हातात तारा पिळायची किल्ली असे, म्हणून डाव्या हाताने मला गुडघ्यावर आपटून ते डाव्या कानाशी धरत. वीस वर्षं तो कान माझा होता.

एका सकाळी त्यांनी मला कानाशी धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा आपटलं. "हा काटा गेला कामातून," ते म्हणाले. मी जीव तोडून वाजत होतो! पण त्यांनी मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि नवा काटा मागवला. तो यायला आठ दिवस लागले. तोवर ते उजव्या कानावर काम रेटत राहिले. डावीकडे जरासा दडा बसलाय, सर्दी असेल, पण खरा दोष काट्याचाच, असं म्हणत.

नवा आला, चकचकीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मास्तरांनी त्याला डाव्या कानाशी धरलं. "हाही मुकाच!"

मास्तरांच्या मुलीने तो घेऊन ऐकला. "बाबा, छान वाजतोय की." मग तिने डब्यातून मला काढून वाजवलं. "हासुद्धा! बाबा, काटे ठीक आहेत. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

मास्तरांनी मला उजव्या कानाशी धरलं. मी खणखणीत वाजत होतो. आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. मी खरा ठरलो होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कुठल्या कानाला ऐकू येतं ते बघायला त्यांच्या कपाळावर स्वतःचा नादकाटा वाजवून टेकवला, म्हणे. त्याचाही मला हेवा वाटला. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. "पहिल्या दिवशीच आला असता तर कदाचित जास्त फायदा झाला असता. खात्री कुणालाच देता येत नाही," बाई म्हणाल्या. तीन महिन्यांत खालचे सूर परतले, मधले अर्धेमुर्धे. वरचे आलेच नाहीत. कानात शिट्टी तेवढी राहिली.

याला सहा वर्षं झाली. दरवर्षी कानाची तपासणी होते, पण किती ऐकू येतं ते दाखवणारी कागदावरची रेघ जागची हलत नाही. वरच्या तारा आता मुलगी जुळवते. नवा काटा मास्तरांच्या चांगल्या, उजव्या कानाशी असतो. जळतो मी त्याच्यावर, अजूनही.

फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी ते मला बाहेर काढतात, डाव्या कानाशी धरतात आणि डोळे मिटून बसतात. "येतोय," म्हणतात, "लांबून येतोय."

मित्रांनो, एखादा कान एकाएकी बंद झाला तर वस्तूंना बोल लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खरं ठरायची मला फार हौस होती. आता वाटतं, त्या सकाळी मीच बिघडलेलो असतो तर किती बरं झालं असतं.