संत ऑस्रिडाचा कान

शनिवारी सकाळी थॉर्नमिन्स्टरच्या कॅथेड्रलमधली रांग दारातून बाहेर पडून, हिरवळीला वळसा घालून थेट चहाच्या दुकानापर्यंत पोचली होती. ती कशाची आहे हे अर्ध्या लोकांना ठाऊकही नव्हतं. पण रांग दिसावी आणि आपण तिच्यात नसावं, हे त्या गावच्या माणसाला सोसतच नाही.

"आत काय आहे हो?" एका पाहुण्यानं विचारलं.

"संत ऑस्रिडाचा कान!" टोपीवाल्या बाई मोहरून म्हणाल्या. "भिंतीत कोनाडा आहे, त्यात हळूच आपलं दुःख सांगायचं. पार पलीकडे ब्रदर ऑझवाल्ड डोळे बांधून बसलेत. त्यांना सगळं कळतं! माझ्या मांजराचं मूत्रपिंडसुद्धा कळलं!"

हेस्टर प्लमली शेजारी दातओठ खात उभी होती. गळ्यात कॅथेड्रल दाखवणाऱ्या वाटाड्याचा हिरवा पट्टा, आणि पाठीशी शाळेत विज्ञान शिकवल्याची एकतीस वर्षं. एरवी तिनं हा तमाशा हसून सोडून दिला असता. पण रांगेत सगळ्यांत पुढे काठी टेकून तिची थोरली बहीण डोरीन उभी होती. चौदा महिने वाट पाहिल्यावर डोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन एकदाचं सोमवारवर आलं होतं. आज बाराच्या आत फोन करून होकार कळवला नाही, तर नाव पुन्हा यादीच्या तळाशी जाणार होतं. आणि डोरीन फोनला हात लावायला तयार नव्हती.

"सुरी कशाला चालवून घेऊ? ब्रदरनी तेल दिलंय ना!"

"त्या तेलाला तळलेल्या माशांचा वास येतोय, डोरीन!"

"तुला मेलं सगळ्यालाच वास येतो."

आतली सभेची खोली गोल होती, घागरीच्या पोटासारखी. ब्रदर ऑझवाल्ड भिंतीला डोकं टेकून दगडी बाकावर बसला होता. अंगात तपकिरी झगा, पायात सपाता, डोळ्यांवर पट्टी. "ये, बाळ," तो सत्तरीच्या म्हाताऱ्याला म्हणत होता, "तुझ्या मनातलं वादळ मला दिसतंय. त्या वादळात एक जावई उभा आहे!" म्हातारा हुंदके देऊ लागला. तेलाची एक बाटली खपली.

फसवणुकीची शंका बऱ्याच जणांना होती. कॅथेड्रलचे प्रमुख डीन मॉर्टलॉक यांनाही होती. पण तोंडावर बोलायचं कसं? बरं दिसत नाही ना! म्हणून ते सभ्यपणे रांगेत उभे राहिले होते.

हेस्टरच्या डोक्यात कालपासून एकच किडा वळवळत होता. काल भरतकाम मंडळाच्या बायकांनी प्रदर्शनासाठी गोल भिंतीवर जाड पडदे टांगले होते, आणि काल दिवसभर संत ऑस्रिडाला काहीच ऐकू आलं नव्हतं. "संत रुसलीय," ब्रदर म्हणाला होता. आज पडदे उतरले, आणि संतीणबाई लगेच बोलत्या झाल्या. पूर्वी याच भिंतीवर वर्षानुवर्षं गालिचे होते. ते वसंतात धुवायला गेले, आणि त्याच आठवड्यात ब्रदर गावात उगवला होता.

हेस्टर सरळ कोनाड्याशी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं रांग मोडली. मागून "अहो! अहो!" असा आवाज उठला. म्हाताऱ्याच्या त्या जावयापेक्षा हे पाप मोठं होतं.

कोनाड्यात तोंड घालून ती काहीतरी कुजबुजली.

पलीकडे ब्रदर थरथरला. "मला दोन चाकं दिसतात... पाणी दिसतं! बाई, तू डीनसाहेबांची सायकल चोरून नदीत ढकललीस! पण घाबरू नकोस, संत ऑस्रिडानं तुला क्षमा केली आहे!"

"माझी सायकल?" डीनसाहेब किंचाळले आणि झग्याचा घोळ सावरत बाहेर धावले. क्षणात धापा टाकत परत आले. "आहे की! कठड्याला टेकवलेली, कोरडी ठणठणीत!"

खोलीभर हशा उसळला.

"मी चोरलीच नाही," हेस्टर म्हणाली. "मी नुसतं तसं म्हणाले. खऱ्याखोट्यातला फरक न कळणारा कान संताचा कसा असेल? तो भिंतीचा आहे. दगड गुळगुळीत आणि गोल असला की कुजबूज त्याच्या कडेकडेनं घसरत थेट पलीकडे पोचते. पडदा टांगला की ती कापडातच जिरते. हा गृहस्थ भिंतीला डोकं लावून बसतो तो ध्यानासाठी नव्हे, ऐकण्यासाठी!"

ब्रदरनं पट्टी काढली, बाटल्यांची पिशवी उचलली आणि काढता पाय घेतला. "माफ करा, माफ करा," म्हणत तो रांगेतून वाट काढत गेला, आणि लोकांनी "माफ करा" म्हणत त्याला वाटही दिली.

डोरीन मात्र हटून बसली. "माझ्या खुब्याचं त्याला बरोबर कळलं होतं!"

"कारण तूच भिंतीला सांगितलं होतंस. आता त्याच्या जागी बस आणि स्वतःच ऐक."

डोरीन कुरकुरत बाकावर बसली. हेस्टरनं कोनाड्यात तोंड नेलं.

"डोरीन, लहानपणी तुझ्या बाहुलीचा पाय मी मोडला होता. आळ कुत्र्यावर घातला. तो पाय मला जोडता आला नाही. तुझा जोडणारे डॉक्टर आहेत. तू अंथरुणाला खिळलीस तर मी काय करू? मला फार भीती वाटते गं. ऐक माझं."

डोरीनचा हात काठीवर थबकला. तेवढ्यात लोक ओरडू लागले, "आम्हालाही ऐकू द्या!" डीनसाहेब सगळ्यांत मोठ्यानं.

"सगळ्यांनी ऐका," हेस्टर डोळे पुसत म्हणाली. "रोज या. पण कोणी चमत्कार दाखवला, तर आधी तो कसा होतो ते विचारा. विचारायला लाजू नका. सभ्यपणा सांभाळून फसण्यापेक्षा थोडं उद्धट व्हा. आणि दुखणं भिंतीला नको, डॉक्टरला सांगा."

बाराला दहा मिनिटं कमी होती. कोनाड्यातून तिच्या कानाशी बारीक, स्पष्ट आवाज आला. कुजबूज उलटीही चालत होती.

"कुत्र्यानं नाही मोडला, हे मला साठ वर्षं ठाऊक आहे, चोरटे! फोन आण इकडे. आणि सोमवारी सोबत तू यायचंस."