केरातला खंड्या

थोरलीचं एक ठाम मत होतं. चोर आला तर सगळी कपाटं उचकेल, गाद्या फाडेल, पण केराच्या डब्यात काही हात घालणार नाही. म्हणून आपली सगळ्यात लाडकी वस्तू ती केरातच ठेवायची. कॉम्प्युटरच्या केरात.

दोघी जावांचं मशीनवरच्या भरतकामाचं दुकान. पुढच्या खोलीत सुया टकटकायच्या, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. तो इतका म्हातारा, की बटण दाबून माणसानं अंघोळ करावी, केस वाळवावेत, एक डुलकी काढावी, तरी हा आपला जांभया देतोय. एकदा त्याच्या पंख्याच्या घरघरीनं शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा हलला आणि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी घेऊन तो गृहस्थ अजून भांडायला येतो.

त्याच कॉम्प्युटरवर थोरलीनं हिवाळाभर खपून एक खंड्या काढला होता. पाण्यातून वर झेपावणारा, चोचीत मासा, आणि पंखांवर असा निळा की बघणाऱ्याचे डोळे गार व्हावेत. उद्या सकाळी पडद्यांचा मोठा व्यापारी येणार होता. त्याच्यासमोर खंड्या मशीनवर उतरवायचा, आणि पहिल्यांदा दुकानाच्या नाही, स्वतःच्या नावावर काम मिळवायचं, असा तिचा बेत. धाकटीनं आधी बघितला असता तर "आपण दोघींनी काढला" म्हणून मोकळी झाली असती. जास्वंदीच्या नक्षीच्या वेळी म्हणालीच होती. म्हणून थोरली रोज काम झालं की खंड्या डिलीट करायची, आणि दुसऱ्या दिवशी कचरापेटीतून परत काढायची.

आज ती रिळं घेऊन परत आली, तर कॉम्प्युटरसमोर डॉक्टर बसलेला. होता दुरुस्तीवाला, पण कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून रोग ओळखतो म्हणून गल्लीनं त्याला डॉक्टर केलेलं. पडद्यावर एक पट्टी सरकत होती.

"हे काय चाललंय?"

"विंडोज प्रो टाकतोय, काकू. तुमचं भरतकामाचं नवं मशीन या जुन्या होम व्हर्जनवर चालत नाही. 'फाइली राहू द्या' म्हणायला गेलो तर बटणच दबेना. या दोन व्हर्जनचं पटत नाही. मग सगळं पुसून नव्यानं."

"सगळं?"

"घाबरताय काय ताई?" धाकटी पेनड्राइव्ह नाचवत म्हणाली. "कोपरान् कोपरा कॉपी केलाय. कचरापेटीसुद्धा रिकामी केली. म्हटलं, नव्या घरात जुना केर कशाला?"

थोरली सांगणार काय? तुझ्यापासून लपवला होता? पट्टी पुढे सरकली. एक पंख गेला. आणखी सरकली. चोच गेली. थोरली खाली वाकली आणि तिनं वायर ओढून काढली.

"अहो काकू!"

पडदा काळा. डॉक्टरनं डब्याला कान लावला, मान हलवली. "पुसणं केव्हाच झालं होतं. हे भरणं चाललं होतं. आता जुनंही नाही आणि नवंही नाही. दुकानात न्यावा लागेल. उद्या संध्याकाळी बघू."

"व्यापारी सकाळी येतोय!" धाकटी ओरडली. "ताई, वायर का ओढलीत?"

"माझा खंड्या होता आत."

"कुठे?"

"केरात."

"तो? मासा धरलेला? तो घेतलाय की यात! मला वाटलं रागानं टाकलात. इतकं देखणं पाखरू कुणी टाकतं का? म्हणून उचलून ठेवला." मग तिचा हात खाली आला. "पण टाकायचा नव्हता, तर केरात कसा गेला?"

"उंदीर फिरला असेल बटणांवरून. हल्ली इतके मोठे..." थोरलीला पुढे रेटता येईना. "जास्वंद," ती म्हणाली.

डॉक्टर एकाच स्क्रूशी फार वेळ झटत राहिला.

"जास्वंदीची पानं मी काढली होती ताई," धाकटी हळूच म्हणाली. "म्हणून 'आपण' म्हटलं."

पानं. थोरलीला फक्त फूल आठवत होतं.

पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून धाकटी पुढच्या खोलीत गेली. डॉक्टर डबा काखोटीला मारून निघाला. थोरलीनं पेनड्राइव्ह उचलला. खंड्या मुठीत होता, आणि तो उघडायला टेबलावर काळ्या पडद्याशेजारी धुळीचा एक चौकोन तेवढा उरला होता.