बोकड अंग झाडत नाही

बोकड दावणीला

आचल चार वर्षांची होईतो एक शब्द बोलली नव्हती. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, बोलेल. कधी, ते सांगेनात. तेव्हा तिच्या आजीने, जमुनाने, भातकुलीकडच्या आपल्या गावातल्या पिराला कंदुरी कबूल केली. पोरगी बोलली तर तुझ्या दारात बोकड कापीन आणि गावाला जेवू घालीन.

गावात हे जुनंच होतं. नवस हिंदूंचा, सुरी वाहेद मुलाण्याची, पंगतीला सगळे.

पोरगी बोलली. आता थांबत नाही.

बोकड बाहेर

दर्ग्याकडे निघालेल्या जमुनाला पोलीस ठाण्यात बोलावलं. बोकडाला ठाण्यात घेतलं नाही, फाटकाला बांधायला लावलं. आत साहेबांनी नवा आदेश समजावून सांगितला. देवस्थानाच्या आवारात जनावर कापता येणार नाही.

"बाई, चादर चढवा, पाणी शिंपडा. तुमच्या धर्माच्या आड आम्ही येत नाही. फक्त कापू नका."

"कोणत्या धर्माच्या?" जमुना म्हणाली. "मी हिंदू, पीर मुसलमान. बोकडाचं मले मालूम नाही."

साहेब हसले. आदेश होता तसाच राहिला.

बोकड रस्त्यात

पुतण्या बंडू आडवा आला. "काकू, आपले देव संपले काय?"

"तू मांगितलं होतं काय तुह्या देवापाशी, पोरीसाठी?"

पुढे वाहेदचा मुलगा वकार भेटला. तो दर्ग्याच्या कमिटीवर होता. "काकू, आमच्यातबी हे मना आहे. कमिटीनं ठरवलं."

"कंदुरीचं जेवून एवढा झाला, अन् आता मना?"

बंडू आणि वकार यांचं एका गोष्टीवर जमलं होतं. गावात कोणाला त्याचं अप्रूप वाटलं नाही.

बोकड दर्ग्यात

रीत अशी. बोकडावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं तर पिराने कबूल केलं, मग तिथेच, तेव्हाच कापायचं. नाही झाडलं तर पुढच्या गुरुवारी परत यायचं. कबूल झाल्यावर कापलं नाही तर पीर दिलेलं परत घेतो.

दिलेलं म्हणजे आचलचं बोलणं.

बंदोबस्ताला गजेंद्र शिपाई होता. "मावशी, पाण्याले बंदी नाही. कापलं तर मले केस करा लागन." बंडू फाटकाबाहेर उभा होता, वकार आत. वाहेद रिकाम्या हातांनी आला होता. सुरी घरी होती.

जमुनाने बोकड गुडघ्यांत दाबला, दोन्ही हातांनी कवटाळला. वाहेदने पाणी शिंपडलं. तिच्या तळव्यांखाली कातडं गोळा होऊ लागलं, पाठीतून काहीतरी वर चढत आलं. तिने अंगातलं सगळं बळ लावून ते दाबून धरलं. ते ओसरलं.

"नाही झाडलं," ती मोठ्याने म्हणाली.

वाहेदने तिच्या हातांकडे पाहिलं. मग मजारीकडे. "नाही झाडलं," तोही म्हणाला.

गजेंद्रने टोपी काढून घाम पुसला. "झालं मंग?"

"झालं कुठं? येत्या गुरुवारी येतो."

"पुन्हा?"

"पाण्याले बंदी नाही न?"

बोकड अंगणात

घरी पोचते तोच अकोल्याहून मुलाचा, किशोरचा व्हिडिओ कॉल आला. पडदाभर आचल.

"आजी, बोकड दाखव! बोकड कुठे आहे? बोकड काय करून राहिला?"

"उभा आहे, बाई." जमुनाने फोन तिकडे फिरवला.

बोकड अंगणाच्या मधोमध उभा होता. अंगावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं अंग जोराने झाडलं. थेंब ओट्यापर्यंत उडाले.

"आजी, झाडलं! त्यानं झाडलं! बाबा, पाहा, आजीच्या बोकडानं अंग झाडलं!"

जमुनाने फोन ओट्यावर पालथा ठेवला. त्याखालून आवाज येत राहिला. ती खाली बसली आणि तो थांबतो काय, ते ऐकत राहिली.