बदल्यातलं रक्त

शहरात धंतोली भागातल्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी कवडू ठवकरला आपल्या खोलीत बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या काही महिन्यांत तुमच्या मिसेसला रक्त चढवलं होतं का?"

"हो जी. उन्हाळ्यात गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. दोन पिशव्या लागल्या होत्या."

डॉक्टर म्हणाले, "ही ब प्रकारची कावीळ आहे. त्या रक्तातून आलेली दिसते. सहसा माणूस यातून बरा होतो, पण यांचं लिव्हर जवळपास बंद पडलं आहे. घरच्यांना बोलावून घ्या."

काविळीनं माणूस मरतो, हे कवडूला खरंच वाटेना. बेसा गावात काविळीचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे तो बायकोला, प्रेमिलाला, तीनदा घेऊन गेला होता. त्यातच बरेच दिवस गेले होते. घरच्यांना कशासाठी बोलवायचं, ते त्याला जिना उतरताना समजलं, आणि तो पायरीवरच बसला.

दोन दिवसांनी प्रेमिला गेली.

बेसा इथं कवडूची पिठाची चक्की होती. चक्की त्याची म्हणायची, पण चालवायची ती प्रेमिला. कोणता डबा कोणाचा हे तिला झाकणावर नाव नसलं तरी कळायचं. कोणाला जाडसर पाहिजे, कोणाच्या गव्हात चणे मिसळायचे, सगळं तिच्या डोक्यात. ती गेल्यावर कवडूनं चक्की उघडली त्या पहिल्याच दिवशी एकाचं पीठ दुसऱ्याच्या घरी गेलं. कोणी त्याला बोललं नाही, आणि ते न बोलणंच त्याला जास्त लागलं.

तेरवीला घरापुढं मांडव घातला होता. जेवणं चालू होती. शेजारचे आनंदराव पानावर बसल्याबसल्या म्हणाले, "कोण्या गर्दुल्ल्याचं रक्त असन ते, कवडूभाऊ. अशा लोकायले लाज नसते. पैशासाठी काहीही करतात."

"सापडला पाह्यजे मले तो," कवडू म्हणाला. त्याचा आवाज चढला. "त्याच्या घरी जाईन अन् त्याच्या बायकोसमोर विचारीन, काहून लपवलं बे तू? तुह्या एका खोट्यानं माहं घर बसलं."

कवडूच्या बहिणीचा, मनकर्णाचा मुलगा विक्की वरणाची बादली घेऊन पंगतीतून फिरत होता. चोवीस वर्षांचा पोरगा, एका शोरूममध्ये गाड्या दुरुस्त करायचा. मामाचं बोलणं ऐकून तो जागच्या जागी थांबला. बादली खाली ठेवून मांडवाबाहेर गेला, तो पंगत उठेपर्यंत परत आला नाही.

लोक पांगल्यावर तो चक्कीच्या मागं कवडूला भेटला.

"मामा, एक बोलू का? रागावशील नाही नं?"

"बोल."

"त्या माणसाले तू शिव्या देऊन राहिला. पण आपण बी तेच केलं नं गा."

कवडूला क्षणभर उमजलं नाही. मग उमजलं, आणि त्याला वाटलं, या पोरानं हे बोललंच नसतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या वेळी तिथल्या दवाखान्यानं सांगितलं होतं, दोन पिशव्या दिल्या आहेत, बदल्यात दोन माणसं रक्त द्यायला पाठवा. आपल्याकडे हे असंच चालतं. मग माणूस जावई, भाचा, शेजारी, जो हाताशी येईल त्याला गाडीवर बसवून रक्तपेढीत नेतो. कवडूनं एक पिशवी स्वतः दिली आणि दुसरीसाठी विक्कीला नेलं. तिथं टेबलावरच्या बाईनं विचारलं, वर्षभरात कुठं गोंदवलं आहे का? विक्कीनं महिनाभराच्या आतच यात्रेत छातीवर 'आई' असं गोंदवून घेतलं होतं. उघड्यावर बसलेला गोंदणारा, ओळीनं बसलेली पोरं आणि सगळ्यांना एकच सुई. विक्कीनं मामाकडे पाहिलं. मामा त्याच्या कानाशी पुटपुटला होता, "नाही म्हण. वरची गुंडी लाव. ते मशीनवर तपासतातच नं." दुसरा माणूस शोधायला पुन्हा कोण फिरेल, एवढाच विचार त्या वेळी त्याच्या डोक्यात होता.

"तुले काही झालं आहे का?" कवडूनं विचारलं.

"मी तपासलंच नाही. मामीचं ऐकलं तेव्हापासून भेव वाटून राहिला. अन् मामा, माहं रक्त बी कोणाले तं चढलंच असन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनकर्णा आली. विक्कीनं तिला सांगितलं होतं. ती चहालाही थांबली नाही.

"भाऊ, तू रक्तपेढीत जाऊन काही सांगू नको. विक्कीची उमरेडची सोयरीक पक्की झाली. असं काही कानावर गेलं तं ते लोक पाय मागं घेतील."

"मनकर्णे, पण त्याचं रक्त कोणाले तरी..."

"कोणाले? तू ओळखतो त्याले? माह्या पोराले मी ओळखते." ती रडू लागली. "तुही बायको गेली, आता माह्या पोराचं घर वसू देत नाही का गा?"

कवडूला प्रश्न पडला, बहिणीला वाईट कसं म्हणावं? त्या दिवशी रक्तपेढीत तो हेच बोलला होता, फक्त शब्द निराळे होते. आपलं माणूस तेवढं खरं आणि दुसऱ्याचं माणूस म्हणजे नुसती एक पिशवी. प्रेमिलासुद्धा कोणासाठी तरी अशीच न ओळखलेली बाई होती. हे मनात आलं तेव्हा त्याला मांडवातलं आपलं बोलणं आठवलं. एवढ्या लोकांसमोर आपण कोणत्या तोंडानं ते बोललो, असं वाटून त्यानं एकटा असतानाही मान खाली घातली.

दुपारी तो विक्कीला घेऊन रक्तपेढीत गेला. तिथल्या डॉक्टर नंदिनी वासनिक यांना त्यानं सगळं, मांडवातलं बोलणंसुद्धा, उभ्यानंच सांगितलं. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढं केली.

"तुम्ही का लपवलंत?"

"मॅडम, मले वाटलं, तुम्ही तपासताच. खराब असलं तं फेकून देसान."

"सगळ्यांना हेच वाटतं. आम्ही प्रत्येक पिशवी तपासतो. पण रोग अंगात शिरला की पहिले काही आठवडे तो तपासणीत दिसत नाही. त्या आठवड्यांत फक्त माणूस सांगू शकतो, माझं रक्त आज घेऊ नका. म्हणून ते प्रश्न असतात. तुम्ही त्याला गप्प केलंत, म्हणजे आमचे डोळेच बांधलेत."

कवडू आता खुर्चीवर बसला.

"तुमच्या मिसेसच्या काविळीचं धंतोलीच्या दवाखान्यानं आम्हाला कळवलं," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "रक्त चढवल्यावर रुग्णाला काही झालं तर कळवायचं असतं, म्हणजे आम्ही ते रक्त कोणाचं होतं ते शोधतो आणि पुढचा धोका थांबवतो. बरेचदा कोणी कळवतच नाही. यांनी कळवलं, म्हणून तो दाता सापडला."

"कोण होता मॅडम?"

"नाव मी सांगणार नाही. तो गर्दुल्ला नव्हता आणि त्यानं पैसेही घेतले नव्हते. त्यालाही कोणीतरी नातेवाइकाच्या बदल्यात आणलं होतं, आणि त्यालाही सांगितलं होतं, नाही म्हण."

विक्कीनं मामाचा हात धरला. कवडूला वाटलं, त्यानं धरू नये. आपली तेवढी लायकी नाही.

विक्कीचं रक्त तपासलं. त्याला लागण निघाली. त्याच्यावर उपचार सुरू झाले. त्यानं स्वतःच उमरेडला जाऊन मुलीच्या वडिलांना सांगितलं. लग्नाआधी मुलीला लस देऊन तिची लागण टाळता येते हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं, पण ते अजून विचारच करत आहेत. मनकर्णा भावाशी बोलत नाही.

कवडू आता चक्कीवर बसतो. दळण आणणाऱ्या कोणाच्या घरी कोणाचं ऑपरेशन आहे असं कळलं, की तो चक्की बंद करतो आणि त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो. "रक्त द्याले जा, जरूर जा. पण तिथं जे विचारतात ते खरं सांगजा. अन् ज्याले सोबत नेता, त्याले खोटं बोलाले लावू नका. तो नाही म्हणत असन तं जाऊ द्या त्याले, दुसरा माणूस पाहा." काही जण ऐकतात. एकजण हसून म्हणाला, "कवडूभाऊ, तुम्ही कधीपासून डॉक्टर झाले गा?" कवडू म्हणाला, "डॉक्टर नाही झालो. मी प्रेमिलाचा नवरा आहो."

वाचकहो, रक्त देणं मोठी गोष्ट आहे आणि ती थांबता कामा नये. पण खरं लपवून दिलेलं रक्त हे दान नव्हे. देता येत नसेल तेव्हा तसं सांगून मागं फिरणारा माणूसही कोणाचा तरी जीव वाचवतो. त्याला हसू नये, त्याला भरीस पाडू नये. रक्त घेतल्यावर आपल्या माणसाला काही त्रास झाला, तर तो दवाखान्याला आणि रक्तपेढीला कळवावा. गप्प बसलो, तर पुढची पिशवी आणखी कोणाच्या तरी घरी जाते.

विक्कीनं दिलेल्या पिशवीतल्या रक्ताचे घटक वेगळे करून दोन रुग्णांना दिले होते. त्यातला एक सापडला आणि त्याला लागण नाही. दुसरी एक बाई आहे. बाहेरगावची, दिलेला फोन बंद आहे आणि पत्त्यावरून कुटुंब कामासाठी कुठं तरी निघून गेलं आहे. रक्तपेढी शोधते आहे. त्या बाईला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.