अण्णांचं टेबल

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वाचायचा चष्मा हवा झाला. घरात सापडला नाही, म्हणजे कारखान्यातल्या टेबलाच्या खणात असणार, असं ती म्हणाली. मी लगेच निघाले. घराबाहेर पडायला मला काहीतरी निमित्त हवंच होतं.

कारखाना म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड. अण्णा तिथे विजेवर चालणारे शेकाचे पॅड बनवायचे. वरचं आवरण टॉवेलच्या कापडाचं, ते तिप्पण्णाकाकांच्या मागांवरून यायचं. काकांचे टॉवेल कंटेनरमधून युरोपात जात, आणि त्याच कंटेनरच्या एका कोपऱ्यात आमची खोकी. सोलापूरच्या उन्हात बसून लोकांना ऊब विकणारा माणूस मी दुसरा बघितला नाही, अशी काका अण्णांची थट्टा करायचे.

प्रत्येक पॅडच्या बटणाच्या डबीवर एक चंदेरी लेबल लागतं. त्यावर व्होल्टेज, आमचा पत्ता, आईच्या नावावरून ठेवलेलं ‘यशोदा’ हे नाव, आणि सीई ही दोन अक्षरं. त्या अक्षरांशिवाय असली वस्तू युरोपात विकता येत नाही. लहानपणी मला वाटायचं, कुणी परदेशी साहेब येऊन ती तपासून लावून जात असेल. तसं नसतं. ती बनवणाऱ्यानेच स्वतःच्या जबाबदारीवर लावायची असतात. म्हणून अण्णा ते काम कुणाला देत नसत. पॅड त्यांच्या टेबलावर यायचा. तपासणीच्या यंत्राला जोडून ते त्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाबाची वीज सोडायचे. आतलं आवरण कुठे कच्चं असेल तर लाल दिवा लागायचा. हिरवा लागला की खणातून लेबल काढून अंगठ्याने दाबून बसवायचे, आणि अंगठा थोडा वेळ तिथेच ठेवायचे.

आता त्या टेबलावर त्यांचा फोटो होता. ते गेले त्याच दिवशी मडिवाळप्पाने, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या कामगाराने, यंत्रावर पांढरं कापड टाकून त्यापुढे फोटो मांडला होता. ताजा हार, समई, उदबत्तीची राख. हे मला घरी कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. मी समई जरा बाजूला सरकवून खण उघडला. चष्मा होता. त्याच्या शेजारी या खेपेसाठी आणलेलं लेबलांचं बंडल होतं. सीलबंद, प्लास्टिकही न काढलेलं.

मी चष्मा पर्समध्ये टाकला आणि दारापर्यंत गेले. तिथे पाय थांबले. या खेपेचा माल त्याच सकाळी निघाला होता. तिप्पण्णाकाकांचा कंटेनर न्हावाशेवा बंदराच्या वाटेला लागला होता. आणि बंडल फोडलेलंच नव्हतं.

सोनाबाई पॅकिंग करते. तिला मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, या मालाला लेबल कुठून लावलं?

“न्हाई लावलं, ताई.”

“का?”

तिने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला इतकंही कळत नाही याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

“मालक बसले होते की तितं. त्यांना कसं उठवायचं?”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. माझा धाकटा भाऊ अवधूत अण्णांचे दिवस करत होता. कारखान्यात पाऊल टाकणं शक्य नव्हतं. फोनवरून तो एवढंच सांगत होता, की जहाजाची तारीख ठरलीय, माल थांबवू नका. कामगारांनी थांबवला नाही. शिलाईवरून आलेला पॅड अण्णांच्या टेबलाला वळसा घालून सरळ खोक्यात गेला. लेबल नाही, आणि तपासणीही नाही, कारण दोन्ही कामं त्याच टेबलावरची. कुणी काही लपवलं नव्हतं. अवधूतनेही कधी विचारलं नव्हतं. टेबलावर अण्णा असायचे, तेव्हा विचारायची वेळच यायची नाही.

मी अवधूतला बोलावून घेतलं. तो आला, मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून. ऐकून आधी खाली बसला. मग एकदम बोलत सुटला. बंडल कुरिअरने पाठवून देऊ. हॅम्बुर्गच्या गोदामातले लोक लावून घेतील, त्यांच्याशी मी बोलतो. वायर तीच, शिलाई त्याच हातांची. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आपल्याकडे आहे. नमुना पास आहे म्हणजे माल पास आहे. कंटेनर परत बोलावला तर काकांचे टॉवेल लटकतात, त्यांचं जहाज चुकतं, कस्टमचं सील तोडावं लागतं, आणि मग ते आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. काकांच्या कंटेनरशिवाय आपला धंदा कसा चालणार, ताई?

त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी विचारलं, अण्णांच्या टेबलावर लाल दिवा कधी लागायचाच नाही का?

“एखादा. फार तर एखादा.”

“मग तो कुठल्या खोक्यात आहे?”

“स्टिकरच तर आहे, ताई. काही होत नाही.”

मला वाद घालता येत नव्हता. मी बार्शीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. विजेचं मला अण्णांनी शिकवलं तेवढंच कळतं. पण डोळ्यांपुढून एक खोली हलत नव्हती. परक्या देशातली थंडी, पलंगावर कुणी म्हातारी, पाठीखाली आमचा पॅड, आणि तिला झोप लागत चाललेली. त्या खोलीतला पलंग मला फार ओळखीचा वाटायला लागला. तेव्हा कुठे आठवलं. दिवसभर जमिनीवर बसून आईची पाठ धरली होती, म्हणून मडिवाळप्पा परवाच एक पॅड घरी देऊन गेला होता.

“अवधूत, आईच्या पलंगावर आहे तो कुठल्या मालातला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. दोनदा त्याच्या बोटाने चुकीचं नाव दाबलं. घंटा वाजत राहिली. आई फोन उचलायला नेहमीच वेळ लावते, हे दोघांनाही माहीत होतं. तरी मी टेबलाची कड धरून उभी होते. समईची ज्योत हलत होती. अवधूत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

“आई, शेक घेतेयस का? ... बंद कर. नाही, नुसतं बटण नको, पिनच काढ. आत्ता. काढलीस? ... हातात दिसतेय ना?”

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. काही होत नाही, असं तो पुन्हा म्हणाला नाही. मी आईला सगळं सांगितलं, टेबलाचंसुद्धा. तिकडून पंख्याचा आवाज येत होता.

“मग आधी त्यांना उठवा,” ती म्हणाली.

तिप्पण्णाकाकांना फोन अवधूतनेच केला. आवाज मोठा ठेवला होता, मला ऐकू यावा म्हणून. गाडी मोहोळच्या पुढे चहाला थांबली होती. काका आधी हसले. त्यांना वाटलं, दुःखात पोराचं डोकं फिरलंय. मग भडकले. जहाज काय तुझ्या मामाचं हाय व्हय, थांबायला? टॉवेलाला काय झालंय माझ्या? तुझा बाप असता तर असं तोंड घेऊन आला असता का माझ्याकडं? अवधूतने ऐकून घेतलं. शेवटी काकांनी हळू आवाजात विचारलं, “आग लागंल असं काही हाय का रं त्यात?”

“माहीत नाही, काका. तेच माहीत नाही.”

पलीकडून मागांची खटखट तेवढी येत राहिली.

“ड्रायव्हरला सांगतो,” काका म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या खेपेला आमची खोकी घेतील की नाही, ते बोलले नाहीत. विचारायचा धीर आमच्यापैकी कुणाला झाला नाही.

अवधूत घरी जाऊन आईचा पॅड घेऊन आला. फोटो उचलायला मडिवाळप्पा पुढे येईना. तो हात जोडून बाजूला उभा राहिला. सोनाबाईने समई उचलून खिडकीत ठेवली. मी फोटो घेतला. काचेला उदबत्तीचा वास होता, आणि फोटो वाटला होता त्यापेक्षा हलका होता. तो भिंतीच्या खिळ्याला लावला, तिथून टेबल दिसतं.

अवधूतने यंत्रावरचं कापड काढलं. अण्णांनी दोघांनाही शिकवलं होतं, पण तारा कुठे लावायच्या ते त्याने मला विचारलं, आणि मी त्याला. मग त्याने कळ दाबली. सगळे दिव्याकडे बघत होते.

हिरवा लागला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे सकाळपासून तो म्हणत होता ते, या एका पॅडपुरतं, खरं होतं. वाटलं, आता तो बोलेल. मी बंडलाचं प्लास्टिक फाडलं. “दे,” तो म्हणाला. लेबल लावून अंगठा उचलला, मग पुन्हा ठेवला आणि दाबून धरला.

फाटकाबाहेर गाडी मागे येत असल्याचा आवाज सुरू झाला. बाकीचा सगळा माल तिच्यात होता. सोनाबाईने पदर खोचला आणि पहिलं खोकं आणायला बाहेर गेली.