मन झुकेल असा संबंध

अध्यक्षबाईंनी चष्मा पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सकाळपासून दर अर्जाला विचारत होत्या तेच पुन्हा विचारलं.

"यांच्याशी कुणाचं काही नातं, संबंध?"

नियम साधा होता. संबंध असेल त्याने उठून बाहेर जायचं आणि त्या अर्जापुरतं त्याचं मत धरायचं नाही. संशोधनाला अनुदान देणाऱ्या या समितीत माणसं तीनच. सकाळपासून तिघांनीही माना हलवून "नाही" म्हटलं होतं.

"नाही," संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले. "आणि खरं सांगू का, बाकावर बसून लोकांच्या गप्पा ऐकायला अनुदान द्यायचं असेल तर माझ्या आजेसासूबाईंना द्या. त्यांचा अनुभव दांडगा आहे."

अध्यक्षबाई हसल्या. "सरांनी एवढं भरभरून लिहिलंय म्हणून हा अर्ज इथवर आला. काय हो, सर?"

समितीतले तिसरे, सर, यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

पहिल्या फेरीत अर्जांवर नावं नसत. जोखमीची शस्त्रक्रिया करायची की नाही हे घरची माणसं कशी ठरवतात, असा विषय होता. संशोधिका रुग्णालयात, बाहेरच्या बाकावर, नातेवाइकांशेजारी बसून ऐकणार होती. दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं : 'उद्या बघू म्हणणाऱ्याचा निर्णय झालेलाच असतो, तो फक्त त्याच्या कानावर आलेला नसतो.' तिथे सर वाचायचे थांबले होते. उठून त्यांनी खिडकी उघडली होती आणि भाचीने दोनदा हाक मारली तरी ते जेवायला गेले नव्हते. "मामा, भूक लागलीय का हे ठरवायलाही समिती नेमायची का?" ती दारातून म्हणाली होती.

आज पडद्यावर नाव आलं, एवढंच. ओळख त्या वाक्यानेच पटली होती.

"सर?"

ते उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज जरा मोठाच झाला.

"अहो, तुम्ही गेलात तर तुमचा अभिप्राय बाजूला ठेवावा लागेल," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मग या अर्जाचं कठीण आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत त्या. पुन्हा अर्ज करता येणार नाही त्यांना."

"माहीत आहे."

"बरं, नोंदीत काय लिहू? एकत्र काही लेखन?"

"नाही."

"तुमच्या विद्यार्थिनी? नात्यातल्या?"

"नाही."

"मग?"

"नियमाची शेवटची ओळ आहे ना, बाई. तीच लिहा."

अध्यक्षबाईंनी कागद जवळ घेतला. शेवटची ओळ होती : मन झुकेल असा अन्य कोणताही संबंध. त्यांनी ती मनातल्या मनात वाचली आणि सरांकडे न बघता लिहायला लागल्या. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना पुढे एक विनोद सुचला असावा, पण तो त्यांनी गिळला.

बाहेरच्या लांब बाकावर ती मुलाखतीची वाट बघत एकटीच बसली होती. केस सगळे पांढरे झालेले, चष्मा दोरीने गळ्यात, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी. पाऊल वाजलं तशी तिने वर पाहिलं.

"अगं बाई! बघूराव!"

या नावाने त्यांना जगात एकच माणूस हाक मारत असे. ते शेजारी बसले. मधे एका माणसाची जागा राहिली.

"चहाची सुट्टी झाली वाटतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आत कुणाचं चाललंय?"

"तुझं."

ती चष्म्याच्या दोरीशी चाळा करत होती. बोटं थांबली. अशा समित्यांवर तीही बसली होती. माणूस उठून बाहेर का येतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने बंद दाराकडे पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडे.

तरुणपणी, तिची बस सुटायची होती तेव्हाही ती अशीच खाली बघत होती. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. दूरच्या गावी नोकरी लागली होती. "जाऊ की राहू?" तिने विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, "बघू." वाहक बिचारा थांबला होता. तिने लग्न केलंच नाही, हे त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी भलत्याच माणसाकडून कळलं. तेव्हाही त्यांनी पत्र लिहायचं ठरवलं होतं.

"म्हणजे माझं एक मत गेलं," ती म्हणाली.

"गेलं."

"चांगलं होतं?"

"फार."

"शहाणाच आहेस!" ती हसली, हसताना आवाज जरा फाटला. "सगळा जन्म ताकाला जाऊन भांडं लपवलंस, आणि काढलंस ते नेमकं आज? तेव्हा बोलला असतास तर फुकटात पडलं असतं रे."

"हो."

"गप्प बसला असतास तर मला अनुदान मिळालं असतं."

"मिळालं असतं. अजूनही मिळेल. तू आत नीट बोल. तो संख्याशास्त्रवाला विचारेल, नमुना किती जणांचा म्हणून, तिथे चिडू नकोस."

"मी चिडते?"

तिने चष्मा डोळ्यांवर लावला, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ, सावकाश पाहिलं. अक्षर लागत नसलेल्या ओळीकडे बघावं तसं.

दार उघडलं. शिपायाने तिचं नाव पुकारलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऐक," सर म्हणाले. "बाहेर आलीस की चहाला येशील? माझ्याबरोबर?"

दाराच्या मुठीवर हात ठेवून ती वळली.

"बघू," ती म्हणाली आणि आत गेली.

दार लागलं. तिची पिशवी बाकावरच राहिली होती, दोघांच्या मधल्या जागेत, त्यांच्या बाजूला जरा सरकवून ठेवलेली. सरांनी ती उचलून मांडीवर घेतली.